पेट्रोल आहे का?

पुण्यात रस्त्याच्या कडेला मोटरसायकल बंद पडली की पाच मिनिटांत निदान तीन माणसं थांबतात आणि तिघंही एकच विचारतात, "पेट्रोल आहे का?" मदतीचा हेतू असतो, नाही असं नाही. पण सुरात "नसणारच, तोंडावरून दिसतंय" हेही असतं. मी वडिलांची १९८७ सालची येझ्दी रोडकिंग अजून चालवतो. प्लगचा रंग बघून इंजिनाची तब्येत सांगतो. लिटरला किती टूटी ऑइल घालायचं ते मला झोपेतून उठवून विचारा. गाडी उभी केली की कॉक बंद, ही वडिलांनी लावलेली शिस्त मी आजतागायत मोडलेली नाही. अशा माणसाला "पेट्रोल आहे का" विचारणं म्हणजे ऐन मैफलीत गवयाला "तंबोरा लावलाय ना?" विचारणं.

गेल्या दसऱ्याला मी गाडी नेहमीप्रमाणे घासूनपुसून काढली. टाकीच्या झाकणाला ब्रासो लावून ते असं चमकवलं, की त्यात बघून दाढी करावी. बायकोने त्यावर हळदकुंकवाची ओली बोटं ओढली, अक्षता वाहिल्या, हँडलला झेंडूचा हार घातला. आणि आठवड्याभरात गाडीने अंथरूण धरलं.

दुखणं चमत्कारिक होतं. आमचं घर स्वारगेटच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत. तिथून निघालो की जेधे चौकातून सातारा रस्त्याला गाडी अशी पळायची, की तिला काही झालंय असं कोणी म्हणू नये. पद्मावती आली की मात्र दोन गचके, एक उसासा आणि बंद. बाजूला घेऊन उभा राहिलो की कुणीतरी यायचं. "काय काका, पेट्रोल?" मी न बोलता झाकण उघडून दाखवायचो. गळ्यापर्यंत पेट्रोल. तो ओशाळून निघून जायचा, मी झाकण लावून किक मारायचो आणि गाडी सुरू. पुढे कात्रजपर्यंत नाव नाही.

मी वही घातली. इंजिनिअरिंगला प्रवेश न मिळालेली माणसं अशा वह्या फार मन लावून घालतात. तारीख, वेळ, हवामान, कुठे बंद पडली. त्यात एक विलक्षण नोंद सापडली : टाकी फुल असली की पद्मावती, अर्धी असली की बालाजीनगर. पुढे मी लाल शाईने लिहिलं होतं, "वजनाचा संबंध?"

सल्ले तर मागावे लागलेच नाहीत. खालच्या किराणावाल्याच्या मते कॉइल तापत होती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, गाडी विका. दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "काका, इथेनॉल. आता सगळीकडे वीस टक्के असतं, जुन्या गाड्यांचे रबर पार्ट खातं ते." हे त्यातल्या त्यात शास्त्रीय होतं. पण त्याने पुढे इंजिनाकडे बोट दाखवून "आणि याचा सेन्सर कुठे असतो?" असं विचारल्यामुळे त्याचं मत मी बाद केलं. त्याचा तरी काय दोष? १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आलं आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. त्याच्या गाडीत किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. माझ्या गाडीत ते मी ठरवतो, असा तोवर माझा समज होता.

तर निदान ठरलं : कार्बोरेटर.

कार्बोरेटर काय करतो हे समजून घ्यायला पुस्तक नको, इस्त्रीवाला पुरे. तो तोंडात पाण्याचा घोट घेऊन कपड्यावर 'फुर्र' करतो ना, तेच. पेट्रोल पातळ असून जळत नाही; त्याचा हवेत फवारा व्हावा लागतो, साधारण एक ग्रॅम पेट्रोलला पंधरा ग्रॅम हवा. १८९३ साली बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या दोघांनी असा फवाऱ्याचा कार्बोरेटर केला. एक फुलवाली फुलांवर तोंडाने पाणी उडवताना दिसली आणि त्यांना कल्पना सुचली, असं सांगतात. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला रोज शंभरेक कपड्यांवर फुर्र करतो आणि आम्ही रोज त्याच्या समोरून जातो. आम्हाला फक्त "जरा कमी थुंकत जा" एवढंच सुचलं.

हा फवारा उडवायला तोंड नसतं, म्हणून हवेला एका अरुंद गळ्यातून जायला लावतात. तिथे ती जोरात पळते, तिचा दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून आपोआप वर ओढलं जातं. हवा आणि पुणेकर यांच्यात फरक असलाच तर हा : वाट अरुंद झाली की हवा धावत सुटते, पुणेकर तिथेच गाडी स्टँडवर लावून गप्पा मारतो.

माझ्या गाडीवर मूळचा जिकोव होता. जावा चेक, तेव्हा कार्बोरेटरचं नावही चेक. १९६१ पासून म्हैसूरला आयडियल जावा कंपनी या गाड्या बनवायची, पुढे त्यांचं नाव येझ्दी झालं आणि १९९६ला कारखाना बंद पडला. तेव्हापासून जिकोव नीट चालला तर चालला, रुसला तर रुसला. रोडकिंगवाले मग त्याच्या जागी बुलेटचा मिककार्ब चढवतात. जपानच्या मिकुनीच्या धाटणीचा, चेन्नईत बनणारा, सरळमार्गी. मीही ठरवलं, एवढी वर्षं झाली, म्हातारा बदलू.

नाना पेठेत गेलो. दुचाकीचा सुटा भाग नाना पेठेत मिळत नसेल तर तो मुळात बनलाच नव्हता, असं समजावं. दुकानदाराने "कशाला?" विचारलं. मी म्हटलं, येझ्दीला. त्याने पोऱ्याकडे बघितलं, पोऱ्याने माझ्याकडे बघितलं, आणि दोघांच्या नजरेत घरच्या माणसाच्या आजारपणाला वापरतात तसली माया आली. "पेट्रोल येतंय ना नीट टाकीतून?" त्याने विचारलं. मी ताठ झालो. "ते बघितलंय."

बघितलं होतंच. टाकीखालची नळी काढून, झाकण उघडून, बाटलीत धार धरून बघितली होती. झकास धार. झाकण उघडून.

घरी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. बायकोच्या नकळत स्टीलच्या दोन वाट्या आणि एक चहाची गाळणी आणली. नव्याचं चालणं समजायचं तर जुना खोलून बघायला हवा, म्हणून आधी जिकोव उघडला. वाटी, वाटीत तरंगणारा फ्लोट, तो वर आला की पेट्रोल अडवणारी सुई. गळ्यात वरखाली होणारा स्लाइड, त्याला लटकलेली लांब सुई, त्या सुईच्या डोक्याशी खाचा आणि एका खाचेत बसलेली पितळी पाकळी. ही पाकळी म्हणजे क्लिप. ती एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. तिला हात लावताना श्वाससुद्धा घेऊ नये. मी घेतला. "टिंग" असा बारीक आवाज झाला आणि पाकळी गॅलरीच्या हवेत विरघळली.

दीड तास मी फ्रिजवरचं अष्टविनायकाचं चुंबक हातात घेऊन जमिनीवर रांगत होतो. पितळ चुंबकाला चिकटत नाही, हे मला दहावीला होतं. संध्याकाळी बायकोने केर काढताना ती उचलून विचारलं, "अहो, हे माझ्या कानातलं तुटलंय का?"

जेट साफ करायला मी दोन दिवस घेतले. जेटचं भोक म्हणजे मिलिमीटरच्या भागांत मोजायची गोष्ट, त्यात तार घातली की ते मोठं होतं आणि सगळं गणित बिघडतं. म्हणून टूथब्रशचा एक एक केस उपटून, पेट्रोलमध्ये बुडवून, भिंग लावून, उजेडाकडे धरून. नव्या मिककार्बचे नवेकोरे जेटसुद्धा मी उजेडाला धरून बघितले. भोकांच्या बाबतीत माझ्याइतका दक्ष माणूस त्या आठवड्यात पुणे शहरात नसेल.

चढवताना तोंड जुळेना. मग लेथवाल्याकडून मधला फ्लँज करून घेतला, पॅकिंग कापलं, अ‍ॅक्सिलरेटरची वायर आखूड पडली ती बदलली. एअर फिल्टरची नळी बसेना ती सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून बसवली. हे एका वाक्यात लिहिलंय, त्याला सहा दिवस लागले.

आता राहिलं ट्यूनिंग.

ट्यूनिंगची रीत सोपी आहे. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवायचा, मग दीड आटा बाहेर. गाडी गरम करायची. स्लोचा स्क्रू थोडा चढवून इंजिन टिकवायचं. मग हवेचा स्क्रू पाव पाव आटा इकडे-तिकडे करत ऐकायचं. एका जागी इंजिनाचा आवाज स्वच्छ होतो, वेग आपसूक वाढतो, तीच जागा. मग स्लो पुन्हा उतरवायचा. सगळा खेळ कानाचा.

आणि मी राहतो स्वारगेटला.

इंजिन सुरू केलं, कान लावला, स्क्रू पाव आटा फिरवला आणि स्टँडातून कर्णा म्हणाला, "कृपया लक्ष द्या." स्क्रू परत फिरवला तर "मुंबई, मुंबई, एसी मुंबई!" सातारच्या गाडीने रिव्हर्स घेतला. पीएमपीच्या ब्रेकने सुस्कारा सोडला. रिक्षावाला मीटरवरून एका कुटुंबाशी बोलत होता, तो विषय तर मला शेवटपर्यंत ऐकायचाच होता. या गदारोळात टूस्ट्रोकचा सूर कुठे लागतोय हे कळणं म्हणजे मांडवात डीजे चालू असताना नवरीला काय वाटतं हे ओळखण्यासारखं. २०२४च्या सप्टेंबरात मेट्रो स्वारगेटला आली तेव्हा कुणी कुणी "आवाज वाढणार" म्हणत होतं. इतक्या वर्षांत स्वारगेटला आलेलं ते पहिलं वाहन जे ऐकू येत नाही, कारण ते जमिनीखाली थांबतं.

मी पाळत ठेवली. रात्री अडीच ते साडेतीन या वेळात स्वारगेट झोपत नाही, पण कूस बदलतं. तोच मुहूर्त धरला.

रात्री अडीचला बॅटरी, स्क्रूड्रायव्हर, दहा-अकराचा पाना घेऊन खाली उतरलो. कॉक उघडला, किक आत दाबून मारली. (येझ्दीची किक आणि गिअर एकाच दांडीवर. वापरून झाली की हीच दांडी गिअर होते. नवख्याला हे पायाची नडगी समजावते.) पहिल्याच किकला गाडी सुरू झाली, आणि सुरू झाली ती पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर. वायरचं बाहेरचं कव्हर बूचात बसलंच नव्हतं, त्यामुळे स्लाइड वर टांगून राहिला होता. दोन सायलेन्सरांतून निळा धूर आणि आरामशीनीत सागवान घातल्यासारखा आवाज. चावी बंद करायची एवढी साधी गोष्ट, पण घाबरलेल्या माणसाला चावी आठवत नाही, प्लग आठवतो. मी प्लगची टोपी उपटायला हात घातला. जो झटका बसला त्याने कोपरापर्यंतचा हात तीन दिवस माझा नव्हता. इमारतीत एकेक दिवा लागला. पहिला सेक्रेटरींचा. धुरातून त्यांचा आवाज आला, "कोण आहे?" मी म्हटलं, "मीच." ते म्हणाले, "माहितीये."

वायर बसवली, घाईघाईने स्क्रू लावले आणि सोसायटीत जास्त वेळ थांबणं बरं नव्हतं म्हणून चाचणीला सातारा रस्त्यावर निघालो. मोकळा रस्ता, गार हवा, नवा कार्बोरेटर. खरंच सांगतो, तेवढी तीन मिनिटं मी पंचवीस वर्षांचा होतो. मग पद्मावती आली. दोन गचके, एक उसासा.

गस्तीवरच्या मोटरसायकलवर दोन पोलीस होते. त्यांनी आधी गाडी बघितली, मग पायजमा, मग हातातला स्क्रूड्रायव्हर. रात्री तीनला एका माणसाबद्दल जे जे वाटू शकतं ते त्यांच्या तोंडावरून सरकत गेलं. शेवटी पुढचा दयेने म्हणाला, "पेट्रोल आहे का काका?"

मी झाकण उघडलं. त्याने बॅटरी मारली. पेट्रोल लकाकलं. झाकण लावलं, किक मारली, सुरू. "झाली की," तो म्हणाला. "झालीच," मी म्हणालो आणि वहीत लिहिण्यासाठी वेळ बघितली.

यानंतरचे चार दिवस मी कार्बोरेटरवर सूड उगवला. पेट्रोल कमी पडतंय ना? मग घे. क्लिप दोन खाचा उतरवली. मेन जेट मोठा घातला. फ्लोटची पट्टी वाकवून वाटीतली पातळी चढवली. चॉकलेटी असायला हवा तो प्लग तव्याच्या बुडासारखा काळा झाला. गाडी आता पद्मावतीपर्यंत धूर सोडत जायची आणि मग बंद पडायची.

हे सगळं तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा गॅलरीतून बघत होते. अण्णा एसटीतले मेकॅनिक; दापोडीच्या कार्यशाळेत उमेदवारी, मग स्वारगेट डेपोत रिटायर होईपर्यंत. १९४८च्या जूनमध्ये पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली त्याच साली आपला जन्म, हे ते अशा सुरात सांगतात की दोन्ही गोष्टी एका खात्याने केल्यासारख्या वाटाव्यात. त्यांचा सल्ला मी कधी घेतला नव्हता, कारण ते डिझेलवाले. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नसतोच. ज्याने जन्मात कार्बोरेटर वापरला नाही तो मला काय सांगणार?

पाचव्या दिवशी ते खाली आले, स्टुलावर बसले.

"अरे, एक विचारू?" म्हणाले. "मी रोज बघतोय. तू झाकण उघडतोस, गाडी चालू होते. तू कार्बोरेटर खोलतोस, गाडी बंद पडते. यातून तू काय काढलंस?"

मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून "वजनाचा संबंध?" हे लाल अक्षर बराच वेळ वाचलं. मग शांतपणे वही मिटली.

"गोडेतेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडतात?"

मी विचार करू लागलो. वरून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोचं उत्तर आलं, "एकातून तेल पडायला, दुसऱ्यातून हवा आत जायला. नाहीतर धार तुटते."

"झाकण दे," अण्णा म्हणाले. त्यांनी ते ओठांना लावून फुंकर मारली. गाल फुगले, बाकी काही हललं नाही. मग मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्यात खोचलेली टाचणी काढली (ती तिथे का होती, हे मी विचारलं नाही, ज्याच्याजवळ ऐन वेळी टाचणी असते त्याला प्रश्न विचारू नयेत) आणि झाकणाच्या मधल्या, ज्याकडे मी अडतीस वर्षांत बघितलं नव्हतं अशा सुईच्या टोकाएवढ्या भोकात ती घातली. आधी वाळलेल्या ब्रासोची पांढरी भुकटी आली. मग पिवळं. मग लाल. शेवटी अक्षतेचा एक कण.

टाकीतून पेट्रोल खाली जायचं तर तेवढी हवा वरून आत यावी लागते. भोक बुजलं की आत पोकळी होते आणि पेट्रोल वरच्या वर धरून ठेवलं जातं. टाकी फुल असेल तर आत हवा मुळातच थोडी, म्हणून ओढ लवकर बसते : पद्मावती. अर्धी असेल तर जरा दम निघतो : बालाजीनगर. झाकण उघडलं की हवा आत, गाडी चालू. म्हणजे गेले तीन आठवडे सातारा रस्त्यावरचा प्रत्येक आगंतुक, तो दुकानदार, ते पोलीस, मला नकळत नेमकं औषध देत होते आणि मी ते रागारागाने घेत होतो.

"मी कुंकू दर वर्षी लावते," बायको वरून म्हणाली. "ब्रासो या वर्षी नवीन होता." पुढचं तिने सांगितलं नाही, भांडी लावण्याच्या आवाजावरून कळलं.

अण्णांनी मग कार्बोरेटरकडे मोर्चा वळवला. क्लिप मधल्या खाचेत, जेट मूळचा, फ्लोटची पट्टी सरळ. इंजिन सुरू झालं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे स्वारगेट ऐन भरात. मी म्हटलं, "अण्णा, इथे काही ऐकू येत नाही. रात्री करू."

"ऐकायचंय कुणाला?" ते म्हणाले. डावा तळवा सायलेन्सरच्या तोंडामागे वीतभर अंतरावर धरला, उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर. डोळे मिटले. मागे कोल्हापूरची गाडी लागल्याचं कर्णा ओरडत होता, आणि अण्णांचा तळवा धुराचे ठोके मोजत होता. पाव आटा. थांबले. अर्धा पाव मागे. मग माझा हात धरून तिथे ठेवला. तळव्यावर एकसारखे, मऊ ठोके पडत होते, तान्ह्या बाळाची टाळू उडते तसे. "स्टँडात चाळीस वर्षं काढली," अण्णा म्हणाले. "कान तिथेच ठेवून आलोय."

पुढच्या रविवारी पहाटे मी जुन्या कात्रज घाटात गेलो. पद्मावतीला गाडी थांबली नाही तेव्हा मीच सवयीने ब्रेक मारला. बालाजीनगर गेलं, कात्रज गेलं, वळणांमागून वळणं चढत थेट बोगद्यापर्यंत. अलीकडच्या टपरीवर गाडी लावली, कॉक बंद केला, चहा घेतला. निघताना एका किकला सुरू झाली. टपरीवाल्यानेसुद्धा मान वर करून बघितलं. मी त्याला हात केला.

दोनशे पावलं गेलो असेन. दोन गचके, एक उसासा.

मी टाचणी काढली. आता मीही घड्याळाच्या पट्ट्यात ठेवतो. झाकण उघडून भोकात घातली. आरपार. मागून दुधाच्या किटल्या लावलेली एक जुनी राजदूत आली आणि माझ्याशेजारी वेग कमी झाला.

"पेट्रोल आहे का?"

मी झाकण बाजूला करून त्याला टाकी दाखवली. त्याने आत बघितलंच नाही. गाडीवरून न उतरता वाकला, टाकीखाली हात घालून कॉक फिरवला आणि किटल्या वाजवत पुढे निघून गेला.